फक्त सी ड्राइव्ह नाही, मागचे कप्पेही नव्या डिस्कवर नेले: दारव्ह्यातल्या एका दुरुस्ती दुकानाचा अनुभव

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात मी आपले सरकार सेवा केंद्र चालवते. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, फार्मर आयडी, सगळी कामं एकाच लॅपटॉपवर. २०१८ साली घेतलेला, आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, आत १ टीबीची हार्ड डिस्क. अलीकडे तो इतका मंदावला होता की सकाळी बटण दाबून मी अंगण झाडून, सडा टाकून परत यायची तरी स्क्रीनवर ते गोल फिरतच असायचं. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क कायम १०० टक्के. बाहेर बाकावर म्हातारी माणसं अंगठा द्यायला बसलेली, आणि मी आत नुसती हात जोडून.

एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क, टाकायची हे ठरलेलंच होतं. भीती वेगळी होती. दोन वर्षांपूर्वी केंद्रातला तेव्हाचा दुसरा लॅपटॉप मी दुसऱ्या गावच्या एका दुकानात दिला होता. त्यांनी नवी डिस्क टाकली, कोरं विंडोज भरलं आणि परत दिला. अंगठ्याच्या मशीनचं आरडी सर्व्हिस नावाचं सॉफ्टवेअर, डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर, प्रिंटर, मराठी फॉन्ट, सगळं गेलं. माझे तीन दिवस ते परत बसवण्यात गेले. त्यात विंडोजच्या होम आवृत्तीच्या जागी प्रो आवृत्ती टाकलेली. विंडोज ८ पासून, लॅपटॉपसोबत कंपनीकडून आलेल्या विंडोजची किल्ली (ॲक्टिव्हेशनचा कोड) मदरबोर्डातच लिहिलेली असते, पण माझी होती होमची. प्रोला ती चालत नाही, म्हणून कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ शेवटपर्यंत राहिलं.

या वेळी शेजारच्या गुरुजींनी दारव्ह्याचं हे दुकान सांगितलं. बसस्टँडहून बाजाराकडे जाताना खताच्या दुकानाच्या माडीवर. पाटीवर नाव नाही, नुसतं ‘कॉम्प्युटर व लॅपटॉप दुरुस्ती’. चालवणारे दादा चाळिशीतले, कमी बोलणारे. त्यांनी लॅपटॉप उघडायच्या आधी एकच विचारलं, “ताई, तुमाले नुसतं विंडोज पायजे, का लॅपटॉप जसा हाये तसाच पायजे?”

“जसा आहे तसाच.”

मग त्यांनी डिस्क मॅनेजमेंट उघडून स्क्रीन माझ्याकडे वळवली. डिस्कचे कप्पे (पार्टिशन) म्हणजे मला आजवर फक्त सी आणि डी माहीत होते. तिथे सुरुवातीला २६० एमबीचा ईएफआय कप्पा होता, ज्यातून लॅपटॉप जागा होतो. मग ९१७ जीबीचा सी. त्याच्यामागे बिननावाचा अर्ध्या जीबीचा एक कप्पा, आणि अगदी टोकाला १३ जीबीचा रिकव्हरी. मायक्रोसॉफ्टचा १६ एमबीचा आणखी एक असतो, तो या चित्रात दिसतच नाही. बिननावाच्या कप्प्यात विंडोजची दुरुस्तीची सोय असते. विंडोज सुरूच होईनासं झालं की दुरुस्तीचे पर्याय दाखवणारा निळा पडदा येतो तो तिथून. आणि टोकाच्या १३ जीबीत कंपनीने दिलेलं मूळ विंडोज, लॅपटॉपचे भाग चालवणाऱ्या सगळ्या ड्रायव्हरांसकट. माझ्या लॅपटॉपात सुरू होताना एफ-११ दाबलं की तिथे जाता येतं. एसरमध्ये त्यासाठी अल्ट आणि एफ-१० दाबतात, लेनोवोच्या बऱ्याच लॅपटॉपांना बाजूला बारीकसं नोवो बटण असतं.

शहरातल्या माणसाला हे कप्पे गेले तर फारसं वाटणार नाही, तासाभरात नेटवरून सगळं उतरवता येतं. आमच्याकडे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर पाच-सहा जीबी उतरवायचे म्हणजे फोन गच्चीवर ठेवून रात्र काढायची, आणि मध्येच लाइन गेली की पुन्हा पहिल्यापासून. माझ्यासाठी ते १३ जीबी म्हणजे घरात भरून ठेवलेलं धान्य आहे. ते मला सोबत हवंच होतं.

अडचण मापाची होती. नवी एसएसडी ५०० जीबीची, म्हणजे विंडोजच्या हिशेबात ४६५. माझा डेटा सारा दीडशे जीबी, तो कुठेही मावतो. पण रिकव्हरी बसलेली जुन्या डिस्कच्या टोकाला, ९१७ जीबीच्या पलीकडे. नुसता सी आखडून भागत नाही. मधली जागा रिकामी होते आणि मागचे कप्पे तिथेच दूर राहतात. बरीच दुकानं इथेच त्यांना सोडून देतात. दादांनी ते ओढून पुढे आणले.

आधी क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये जुन्या डिस्कची तब्येत पाहिली, ती निळी ‘गुड’ निघाली. बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) चालू आहे का पाहिलं, नव्हतं. मग अख्ख्या डिस्कची प्रत आपल्या बाहेरच्या डिस्कवर घेतली. फास्ट स्टार्टअप बंद केलं, कारण ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि बाहेरच्या सॉफ्टवेअरला सी ड्राइव्ह कुलूपबंद सापडतो. त्यानंतर पेन ड्राइव्हवरून जीपार्टेड हे कप्पे हलवायचं सॉफ्टवेअर लावून सी ४४० जीबीवर आणला आणि मागचे दोन्ही कप्पे त्याला चिकटवले. जीपार्टेड इथे इशारा देतं की कप्पा हलवल्यावर संगणक सुरू न होण्याची शक्यता आहे. दादा थांबले, बाहेरच्या डिस्कवरची प्रत मला उघडून दाखवली आणि मगच पुढे गेले.

तो जून महिना होता. माडीवर वर टिन, कूलरचं वारंही गरम. कप्पा सरकत असताना दोनदा लाइट गेली. माझ्या लॅपटॉपची बॅटरी वीस मिनिटांच्या वर टिकत नाही. अशा वेळी वीज गेली तर अर्धा कप्पा इकडे, अर्धा तिकडे. दुकानाला इन्व्हर्टर आहे आणि हे काम ते इन्व्हर्टरच्या प्लगवरच करतात. मी घरी करून पाहिलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मला तिथे बसल्या बसल्या आला.

पुढचं काम क्लोनझिलाने. तैवानमधल्या एनसीएचसी या राष्ट्रीय संगणक केंद्रात तयार झालेलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि डिस्कचा फक्त भरलेला भागच उचलतं. नवी डिस्क जुनीपेक्षा लहान दिसली की ते नकार देतं, म्हणून एक्स्पर्ट मोडमध्ये जाऊन ती तपासणी वगळावी लागते. कप्पे आधीच आत सरकवले असतील तरच हे करायचं, असं त्यांनी बजावलं.

आणि मग त्यांनी जे केलं त्यासाठी मी हे एवढं लिहिते आहे. कुठून कुठे कॉपी करायची ते निवडायचं होतं. पडद्यावर दोन डिस्कांची एसडीए, एसडीबी अशी नावं. उलटं निवडलं तर कोरी डिस्क माझ्या भरलेल्या डिस्कवर उतरणार. दादांनी नवी एसएसडी केबलला लावलेली तशीच माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “मागच्या लेबलावरचे शेवटचे चार अक्षरं वाचा जी.” मी वाचले. त्यांनी पडद्यावरच्या सीरियल नंबरच्या अक्षरांवर बोट ठेवून जुळवले. “आता पुन्यांदा वाचा.” मी पुन्हा वाचले. मगच एंटर. रोज हेच काम करणाऱ्या माणसाने माझ्या डेटासाठी दोनदा थांबावं, हे मला फार मोठं वाटलं.

पाऊण तासात कॉपी झाली. पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवली, एकट्या नव्या डिस्कवर चालवलं. दोन्ही डिस्कांची आतली ओळख सारखी झालेली असते, एकत्र लावल्या की विंडोज गोंधळतं. अर्ध्या मिनिटात माझा नेहमीचा डेस्कटॉप समोर. अंगठ्याचं मशीन लावलं, लागलं. टोकन लावलं, लागलं. पण दादांचं समाधान तेवढ्यावर नव्हतं. दुरुस्तीचा कप्पा जागेवर आहे का ते पाहायला त्यांनी काळ्या खिडकीत रीएजंटसी इन्फो ही आज्ञा दिली. उत्तर आलं ‘एनेबल्ड’, हार्डडिस्क शून्य, पार्टिशन चार. मग लॅपटॉप बंद करून माझ्याच हाताने एफ-११ दाबायला लावलं. निळा पडदा आला, मूळ विंडोज टाकायचा पर्याय दिसला, तिथूनच परत फिरलो. पैशाचं बोलणं त्यानंतर.

आणखी एक काम त्यांनी न सांगता केलं. जानेवारी २०२४ पासून माझ्याकडे एक अपडेट सारखं फेल व्हायचं, ०x८००७०६४३ असा आकडा दाखवून. तो बिननावाचा कप्पा लहान पडतो हेच त्याचं कारण होतं. सरकवतानाच त्यांनी तो १ जीबीचा केला होता. ते अपडेट बसलं, आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा पाठिंबा संपायच्या आत मी ११ वर गेले. एफ-११ ने येईल ते जुनंच विंडोज १०, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. मला ते चालेल. ड्रायव्हर हाताशी असले की बाकीचं मी करू शकते.

तक्रारी आहेत, त्याही सांगते. गुरुवारचा वायदा होता, लॅपटॉप मिळाला शनिवारी, आणि मधे एक फोनसुद्धा नाही. दोन दिवस लोक माझ्या दारावरून परत गेले. इन्व्हर्टर पुरला नाही म्हणून काम रात्री थांबवलं, हे कारण मला पटलं, पण ते फोनवर कळायला हवं होतं. माडीचा जिना उभा आहे, कठडा नाही. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. एसएसडीच्या वॉरंटीला ते लागतंच, म्हणून मागून घ्या. मला एसएसडी ३,२०० आणि मजुरी ८०० पडली. ८०० थोडे जास्त आहेत असं गावात एकदोघं म्हणाले. मला तसं वाटत नाही, कारण मी तिथे बसून काम पाहिलं आहे.

जुनी हार्ड डिस्क त्यांनी कागदात गुंडाळून, वर तारीख टाकून परत दिली. एक महिना तिला हात लावू नका म्हणाले. शिवाय ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर रिकव्हरी ड्राइव्ह बनवून ठेवायला सांगितलं, तो मी त्याच आठवड्यात केला.

जाणार असाल तर चार्जर सोबत न्या, पासवर्ड कागदावर लिहून न्या, आणि सकाळी अकराच्या आत पोचा. दुपारी ते जेवायला घरी जातात आणि चारशिवाय येत नाहीत.