बाबांची एकनळी आणि ३५ हजारांचा परवाना

आधीच सांगतो, नुसते पैसे बुडाले असते तर हे लिहायला बसलो नसतो. ३५ हजार म्हणजे आमच्यासारख्याला थोडे नव्हेत, पण एका वर्षी काजूचा मोहर करपला असे समजून गप्प राहिलो असतो. बंदुकीच्या परवान्यात फसलेल्याची गोष्ट वेगळी. तो तक्रार द्यायला पोलीस स्थानकात गेला की पहिला प्रश्न त्यालाच विचारतात: बंदूक कुठे आहे? आणि फसवणाऱ्याला हे आपल्याआधी ठाऊक असते.

आमचे घर गोव्यात, सत्तरी तालुक्यात, वाळपईपासून आत. खाली कुळागर, म्हणजे सुपारी-केळींची बाग, वरच्या अंगाला काजू. बाबांकडे बारा बोअरची एकनळी बंदूक होती, रीतसर परवान्याची, बागायतीच्या राखणीला घेतलेली. तिने त्यांनी एखादा जीव मारलेला मी कधी पाहिला नाही. रात्री केळींत डुकरे शिरली की अंगणात येऊन आकाशाकडे एक बार काढायचे. वाड्यावरची सगळी कुत्री उठायची, डुकरे पळायची, बाबा परत येऊन झोपायचे. खंडेनवमीला तिला झेंडूची माळ पडायची. वर्षभरातले तिचे काम एवढेच.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये बाबा गेले. बंदूक माजघरातल्या खुंटीवर तशीच राहिली. इथे माझी पहिली चूक झाली आणि ती कुणा एजंटाने करायला लावली नव्हती. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नव्हे. बाबा गेले आणि ती बंदूक घरात ठेवायचा आमचा हक्कही त्यांच्याबरोबर गेला. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे २१ वे कलम सांगते की अशा वेळी ती विनाकारण वेळ न घालवता जवळच्या पोलीस स्थानकात किंवा परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची. पावती घ्यायची आणि मग वारसाने अर्ज करायचा. हे मला कुणी सांगितले नाही, मीही कुणाला विचारले नाही. रेशनकार्डावरून बाबांचे नाव कमी करायला मात्र महिन्याच्या आत गेलो होतो.

ऑक्टोबरात एका सोयऱ्याने म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात एकाशी गाठ घालून दिली. पन्नाशीचा माणूस, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेने, काखेत प्लॅस्टिकची फाईल. हॉटेलात भाजी-पाव मागवला, त्याचे पैसे त्यानेच दिले. फाईलमधून लोकांच्या परवान्यांच्या झेरॉक्स काढून टेबलावर मांडल्या, पत्ते पिसल्यासारख्या. मग म्हणाला, "भाऊ, पणजीला अर्ज घालशील तर दोन वर्षे चकरा मारशील. पोलीस घरी येणार, शेजाऱ्यांना विचारणार, डॉक्टर तपासणार, बंदूक हाताळायचे शिकून ये म्हणणार. कशाला ही कटकट? माझी माणसे बाहेरच्या राज्यात आहेत. ऑल इंडिया लायसन काढून देतो, २५ दिवसांत. मग बंदूक घेऊन काश्मीरला जा नाहीतर कन्याकुमारीला."

मला जायचे होते केळींपर्यंत.

त्याने कटकट म्हणून जे जे बोटांवर मोजून दाखवले, त्यालाच परवाना म्हणतात, हे मला पाच महिन्यांनी कळले. पण खरे सांगायचे तर शंका त्या दिवशीही आली होती. बाहेरच्या राज्यातला अधिकारी सत्तरीतल्या माणसाला कशाच्या आधारावर परवाना देईल? अर्ज आपण राहतो किंवा कामधंदा करतो त्या भागातल्या अधिकाऱ्याकडेच करायचा असतो. उत्तर गोव्यात तो पणजीला, दक्षिणेत मडगावला. मी सोयऱ्याकडे पाहिले, तो भाजी पुसून खात होता. मी हो म्हटले.

२० हजार आधी, १५ काम झाल्यावर, सगळे रोख. माझे फोटो, आधार, बाबांचा मृत्यू दाखला आणि बाबांच्या परवान्याचे मूळ पुस्तक त्याने घेतले. "मूळ वर जमा करावे लागते," म्हणाला. बाबा ती बंदूक कायद्याने बाळगत होते याचा आमच्याकडचा एकमेव पुरावा मी पावतीशिवाय त्याच्या फाईलमध्ये घातला. डॉक्टरचा दाखला त्याने स्वतःच आणला. त्यावर माझी दृष्टी चांगली आणि मन स्थिर असल्याचे लिहिले होते. तो डॉक्टर मी आजवर पाहिलेला नाही. बंदूक त्याने पाहिलीच नाही. "नळीवरच्या नंबराचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठव, बास."

नोव्हेंबरच्या शेवटी परवाना आला. गडद रंगाचे छोटे पुस्तक, माझ्या फोटोवर अर्धा आणि कागदावर अर्धा उतरलेला गोल शिक्का, दूरच्या एका जिल्ह्याचे नाव, आडवी इंग्रजी सही आणि खाली एक लांबलचक युआयएन क्रमांक. हा क्रमांक देशभरातल्या परवानाधारकांच्या सरकारी नोंदणीतला असतो. त्याच्याशिवाय आज परवाना धरला जात नाही. एवढे खोट्यालाही ठाऊक होते, म्हणून त्याने आकडे लिहिले होते. आईने पुस्तकाला हळदकुंकू लावले. ते हळदीचे बोट अजून पहिल्या पानावर आहे, पंचनाम्यातसुद्धा आले.

२०२४ च्या १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. निवडणूक आली की परवान्याची शस्त्रे जमा करायच्या नोटिसा निघतात, हे आमच्याकडे दर निवडणुकीचे. मी काजूतून बोंडांची टोपली घेऊन उतरत होतो, तर अंगणात मोटरसायकल. शिपाई नोटीस घेऊन आला होता, बाबांच्या नावाची. मी मोठ्या तोऱ्यात म्हटले, "बाबा वारले. लायसन माझ्या नावावर झाले."

तो नोटिशीकडे पाहत राहिला. "कधी झाले? आमच्याकडे तर चौकशीला कागद आलाच नाही."

त्या एका वाक्याने माझ्या हातापायातले बळ गेले. परवाना द्यायच्या आधी अर्जदाराच्या पोलीस स्थानकाकडून अहवाल मागवतात. स्थानकाला पत्ताच नाही, म्हणजे अर्ज कुठे पोचलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन गेलो. बंदूक नेली नाही. ती घेऊन रस्त्याला लागणे हाच आणखी एक गुन्हा झाला असता, पण तेव्हा नेली नाही ती शहाणपणाने नव्हे, भीतीने. हवालदार बाबांना ओळखणारे. त्यांनी जुने रजिस्टर काढले, बाबांची नोंद शोधली आणि माझ्या पुस्तकातला बंदुकीचा नंबर तिच्याशेजारी धरला. मग चष्मा काढून पुसला. "बाळा, तुझ्या बाबांच्या बंदुकीच्या नंबरात शेवटी ३ आहे. इथे ८ लिहिलाय." नंतर घरी पंचनाम्याला आले तेव्हा त्यांनी नळीवर खडूची पूड चोळून फडक्याने हलकेच पुसली. झिजलेल्या आकड्यात पांढरे भरले आणि ३ स्पष्ट उमटला. माझ्या फोटोत उजेड पडून त्याचा ८ दिसत होता. म्हणजे जो परवाना मी जपून ठेवला होता तो खोटा तर होताच, वर माझ्या बंदुकीचाही नव्हता. संगणकावर युआयएन टाकला तर काहीच आले नाही.

उपनिरीक्षकांनी आवाज न चढवता सांगितले. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगले तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ वर्षे आणि जास्तीत जास्त ५ वर्षे कैद, शिवाय दंड. आधी ही शिक्षा १ ते ३ वर्षे होती. "तुम्ही खोटा परवाना घेतला हे तुम्हाला माहीत होते की नव्हते, हे नंतर बघू. बंदूक ऑगस्टपासून तुमच्या घरात आहे, ते तर तुम्हीच सांगताय."

बाहेर येऊन एजंटाला फोन केला. पैसे परत दे म्हटले. तो चिडला नाही. "कित्याक भिता, भाऊ? कर तक्रार. सांग पोलिसांना, की बाप मेल्यापासून बंदूक घरात ठेवली आणि पैसे देऊन लायसन काढले. दोघेही आत बसू, गप्पा मारू." आणि हसला. त्याचा सगळा धंदा या हसण्यावर चालतो. त्याच्याकडून परवाना घेतलेले इतर लोक गोव्यात असतील, तर ते याच भीतीने गप्प असणार, असे मला वाटते. म्हणून हे लिहितोय.

पणजीच्या एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी पहिल्यांदा माझीच हजेरी घेतली. मग म्हणाल्या, उशीर झाला तरी आपणहून गेलेला माणूस आणि सापडलेला माणूस यांत कोर्ट फरक करते. लेखी निवेदन द्या, घरी पोलिसांना बोलवा, बंदूक आणि उरलेली काडतुसे त्यांच्या ताब्यात द्या. काडतुसांचे माझ्या डोक्यातही नव्हते. कपाटात बाबांच्या शालीखाली सात निघाली. तीही परवान्याशिवाय ठेवता येत नाहीत. एजंटाविरुद्ध फसवणुकीची आणि खोट्या कागदपत्रांची तक्रार घेतली गेली. प्रकार २०२४ च्या जुलैआधीचा, म्हणून कलमे जुन्या दंड संहितेची, तेच प्रसिद्ध ४२०. माझेही नाव त्या कागदांत आहे, ते कोणत्या रकान्यात राहते ते कोर्ट ठरवील.

वकीलबाईंनी त्या दिवशी जे सांगितले, त्यातले निम्मे जरी आधी ठाऊक असते तर मी म्हापशाला भाजी-पाव खायला गेलोच नसतो. कायदा आमच्यासारख्यांना वाटतो तेवढा आडमुठा नाही. किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत बंदूक राखणीसाठी मागितली, किंवा ठासणीची बंदूक खऱ्याखुऱ्या पीकराखणीसाठी मागितली, तर त्यासाठी कायद्यात वेगळी सोय आहे. वारसांसाठी २०१६ च्या नियमांत वेगळी तरतूद आहे आणि ती बाप मरायची वाट पाहत नाही. परवानाधारकाचे वय ७० झाले किंवा बंदूक त्याच्याकडे २५ वर्षे असली, तर तो जिवंतपणीच ती वारसाच्या नावावर करून मागू शकतो. बाबा गेले तेव्हा ७४ चे होते. चार वर्षे आम्ही दोघे ओट्यावर बसून चहा पीत होतो आणि हे काम चार कागदांचे होते.

अर्जदार २१ वर्षांचा हवा. अर्ज ए-१ नमुन्यात, त्याची ऑनलाइन नोंद होते. डॉक्टरने खरोखर तपासलेला दाखला, शस्त्र सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण, घरात ते कुलूपबंद ठेवण्याची व्यवस्था, बाकीच्या वारसांची ना हरकत. आमच्या गोव्यात वारस ठरवायचा म्हणजे नोटरीसमोरचे सक्सेशन डीड, म्हणजे वारस कोण ते नोंदवणारा दस्त, आलेच, आणि बहिणीही वारस. माझी एक बहीण काणकोणला दिलेली, दोनदा आली बिचारी. नकार मिळाला तर कारण लेखी मागता येते, त्यावर अपील आहे. सरकारी फी चलनाने भरायची असते. ती एजंटाच्या पैशांपुढे काहीच नाही.

ऑल इंडियाचा मोहही त्यांनीच उतरवला. परवान्यावर जेवढा प्रदेश लिहिलेला असतो तेवढ्यातच बंदूक नेता येते. गोव्यापुरता परवाना असेल तर चोर्ला घाट ओलांडून बेळगावला दुरुस्तीला नेली तरी गुन्हा. नेतानाही खोळीत घालून, खांद्यावर मिरवत नव्हे. लग्नात किंवा जत्रेत हौसेने बार काढून कुणाचा जीव धोक्यात घातला तर २०१९ पासून २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि राखणीचा परवाना म्हणजे शिकारीचा नव्हे. डुक्कर मारले तर वन्यजीव कायदा आहेच. गवा तर आपला राज्यप्राणी.

बाहेरच्या राज्यांतल्या परवान्यांचे म्हणाल तर जम्मू-काश्मीरमधल्या २०१२ ते २०१६ च्या परवान्यांची चौकशी सीबीआयला करावी लागली. तिथले रहिवासी नसलेल्यांना पैसे घेऊन परवाने दिल्याचा आरोप होता. त्यांचे कागद निदान खऱ्या कचेरीतून निघाले होते. माझे कुठल्या झेरॉक्सच्या दुकानातून निघाले, ते अजून तपासात आहे.

बाबांच्या मूळ पुस्तकाचा पत्ता नाही. पोलीस रजिस्टरातली जुनी नोंद होती म्हणून निभावले. सोयऱ्याने आमच्याकडे गणपतीला येणे बंद केले आहे.

माझ्या नावाने आता अर्ज घालण्यात अर्थ नाही, म्हणून धाकट्या भावाने घातला, मी ना हरकत दिली. तो साखळीला दुकानात असतो, संध्याकाळी घरी येतो. मागच्या आठवड्यात हवालदार चौकशीला आले. या वेळी खरोखर आले, वहीत लिहून घेत वाड्यावर फिरले. शेजारच्या काकू अंगणात सुपारी वाळत घालत होत्या. त्यांना विचारले, "माणूस कसा आहे? बंदूक द्यायला हरकत नाही ना?"

काकूंनी हातातली सुपारी खाली न ठेवता विचारले, "धाकट्याला ना? मग द्या."