काकांची ऑटो पेटी आणि त्यांचं गणपती पेठेतलं दुकान, सांगली

गणपती पेठेत आतल्या बोळात हे दुकान आहे. बोर्ड साधाच, पण तासगाव पलूसपासून वाळव्यापर्यंत कुणाही बागायतदाराला विचारा, काकांची पेटी, म्हणजे लाईट आली की शेतीपंपाची मोटर आपोआप सुरू करणारी पेटी, म्हटलं की लगेच कळतं. काका गेल्या पावसाळ्यात गेले. दुकान बंद पडलं असं बऱ्याच जणांना वाटतंय म्हणून मुद्दाम लिहितोय. दुकान सुरू आहे, त्यांची मुलगी बघते, आणि पेटी अगदी काका द्यायचे तशीच मिळते. माझ्याकडनं पाच स्टार.

ज्यांना शेती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. शेतीपंपाला बऱ्याच ठिकाणी थ्री फेज (तीन वायरींवरनं येणारी) लाईट आलटून पालटून कधी दिवसा ८ तास तर कधी रात्रीची, आणि रात्री लाईट आली की बॅटरी घेऊन मळ्यात जायचं, वाटेत साप, विंचू, शिराळ्याकडं तर बिबट्या. काकांचे थोरले भाऊ गावाकडं मळा बघायचे आणि ते परत येईस्तोवर वहिनी रात्रभर जाग्या राहायच्या, ते बघून काकांनी पहिली पेटी घरासाठी बनवली. विकायचा विचारच नव्हता, शेजारच्या मळेवाल्यांनी मागितली तेव्हा दुसरी झाली आणि तिथनं सगळं सुरू झालं.

आता खरं काम. लाईट आली की मोटर आपोआप सुरू करणाऱ्या पेट्या बाजारात भरपूर आहेत, त्यात विशेष नाही. अडचण येते एक फेज, म्हणजे तीनपैकी एका वायरीची लाईट, गेल्यावर. साडेसात एचपीची मोटर साधारण ११ अँपिअर घेते, एक फेज गेला की उरलेल्या दोन वायरींवर करंट जवळजवळ पावणेदोन पट होतो आणि वाइंडिंग, म्हणजे मोटरच्या आतली तारेची गुंडाळी, जळतं. आणि यात एक मेख आहे जी मला काकांनीच समजावून सांगितली होती. मोटर चालू असताना फेज गेला तर फिरणारी मोटर स्वतःच त्या मेलेल्या वायरीवर बरंचसं व्होल्टेज उभं करते, त्यामुळं नुसतं व्होल्टेज बघणाऱ्या पेटीला वाटतं तिन्ही फेज आहेत आणि ती गप्प बसते, तिकडं मोटर जळत असते. म्हणून काकांची पेटी सुरू करायच्या आधी व्होल्टेज बघते आणि सुरू झाल्यावर करंट बघते. प्रत्येक वायरीवर एक छोटी सीटी कॉइल, म्हणजे करंट मोजणारं तारेचं वेटोळं. विहिरीचं पाणी तळाला गेलं की करंट उतरतो, तेही त्याच कॉइलवर कळतं आणि मोटर कोरडी फिरायच्या आत बंद होते. एकाच कॉइलमध्ये दोन्ही कामं, मला तर हे फार हुशारीचं वाटतं.

या कॉइल घरी काकू गुंडाळायच्या, हाताच्या मशीनवर, वेढे मोजायचं मीटर लावून. काकू म्हणायच्या, वेढे मोजताना मला कुणी हाक मारायची नाही. मुलगी शाळेतनं आली की अभ्यास उरकून पेट्या टेस्ट करायला बसायची. आज ती जे काम करते ते दुकानात आल्यावर शिकलेलं नाही, जेवणाच्या पाटाशेजारी शिकलेलं आहे. आणि काकांच्या आईला ऐकू येत नव्हतं तर त्यांनी दारावरची बेल वाजली की आजींच्या खोलीत दिवा लागेल अशी सोय केली होती, खाली कुकरची शिट्टी झाली तरी दुसरा दिवा. ती बेल पण नंतर कितीतरी घरांत गेली, पैसे विचारले की काका म्हणायचे सामानाचे द्या.

महावितरण दरवर्षी सांगतं की ऑटो स्विच, म्हणजे अशा आपोआप सुरू करणाऱ्या पेट्या, काढा. त्यात तथ्य आहे. सुरू होताना मोटर पाच-सहा पट करंट ओढते, लाईट आल्याबरोबर एका डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटरी एकदम उठल्या तर फ्यूज जाणार नाहीतर डीपी जळणार. काकांनी यावर टायमर बसवला, आणि ते पेटी देताना विचारायचे, तुमच्या डीपीवर अजून कुणाकुणाकडं माझी पेटी आहे? वहीत बघून प्रत्येकाला वेगळी वेळ लावून द्यायचे म्हणजे मोटरी एकामागनं एक सुरू होतील. ती वही अजून दुकानात आहे आणि मुलगी तिच्यातच पुढं लिहिते.

दुसरी गोष्ट म्हणजे रिपेअरी. बरेच जण पेटीतल्या आयसीवरचा (चिपवरचा) नंबर खरवडून टाकतात, कुणी कॉपी करू नये म्हणून. काकांच्या पेटीच्या झाकणात आतनं सर्किटचा कागद चिकटवलेला असतो, आयसी सॉकेटमध्ये, सगळे पार्ट कुठल्याही दुकानात मिळणारे. पेटंट घ्या म्हणून किती जणांनी सांगितलं, पण ते म्हणायचे, मी नसलो तरी मोटर चालली पाहिजे ना. २०१९ च्या महापुरात सगळ्यांच्या पेट्या चिखलानं भरल्या, दुकानातही पाणी होतं, तरी पाणी उतरल्यावर आलेली प्रत्येक पेटी त्यांनी स्वच्छ पाण्यानं धुऊन, ब्रश मारून, खोक्यात शंभरचा बल्ब लावून त्याच्या उबेला वाळवली. मजुरी घेतली नाही. आमची त्यातलीच, अजून चालू आहे.

कमी काय ते पण सांगतो. पेटी हातानं बनते त्यामुळं सीझनला आठ-दहा दिवस थांबावं लागतं, किंमत बाजारापेक्षा थोडी जास्त. मोबाईलवरनं चालू-बंद करायचं मॉडेल मुलीनं नवीन काढलंय, ते चांगलं आहे पण मळ्यात रेंज नसेल तर उपयोग नाही, तिथं साधंच घ्या. गाडी लावायला जागा नाही, मोटरसायकलनं जा. रविवारी बंद असतं, काका असताना रविवार म्हणजे पोरांना घेऊन हरिपूरला संगमावर हे ठरलेलं होतं आणि मुलीनं पण तो दिवस घरासाठीच ठेवलाय, ते मला आवडलं.

जाताना मोटरच्या नेमप्लेटचा फोटो आणि स्टार्टर डीओएल (मोटर थेट सुरू करणारा) आहे का स्टार डेल्टा (दोन टप्प्यांत सुरू करणारा) तेवढं बघून जा. आणि तुमच्या डीपीवर कोण कोण आहे त्यांची नावं पण लिहून न्या, ती नक्की विचारणार.