काखेतील गाठी काढल्यानंतरची कॉम्प्रेशन स्लीव्ह : तयार मापाची की स्वतःच्या मापाची?

स्तनाच्या कर्करोगासाठी काखेतील लिम्फच्या (शरीरभर वाहणाऱ्या एका पातळ द्रवाच्या) गाठी काढल्यावर ज्या स्त्रियांच्या हाताला सूज येते, त्यांना कॉम्प्रेशन स्लीव्ह वापरायला सांगितले जाते. मनगटापासून दंडाच्या वरच्या टोकापर्यंत चढवायची ही घट्ट विणीची बाही मी दोन प्रकारची वापरली आहे : एक दुकानात तयार मिळणारी आणि दुसरी माझ्या हाताची मापे पाठवून विणून घेतलेली. दोन्ही मी कोल्हापुरातच, शाळेत शिकवताना आणि घरची कामे करताना वापरल्या. माझे मत असे झाले आहे की स्लीव्ह कोणत्या कंपनीची आहे यापेक्षा तिचे माप कोणी, कधी आणि कसे घेतले यावर तिचा उपयोग जास्त अवलंबून असतो, आणि ज्यांच्या हाताचा आकार सुजेमुळे बदलला आहे त्यांनी शक्य असेल तर स्वतःच्या मापाचीच घ्यावी.

माझ्या शस्त्रक्रियेच्या अहवालात काढलेल्या 17 गाठींपैकी 4 गाठींमध्ये कर्करोग आढळल्याची नोंद होती. हा आकडा वाचून घरातील सर्वांचा धीर सुटला होता, म्हणून येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते. काखेतील गाठींपर्यंत पोहोचलेला आजार आणि फुप्फुस, यकृत किंवा हाडांपर्यंत गेलेला आजार यांत मोठा फरक आहे. 1 ते 3 गाठी, 4 ते 9 गाठी, 10 किंवा अधिक गाठी अशा पायऱ्या डॉक्टर मोजतात आणि त्यावरून केमो व रेडिएशन किती द्यायचे ते ठरवतात. आजार आणखी पुढे गेलेला नसेल, तर या सर्व पायऱ्यांवर उपचार आजार पूर्ण बरा करण्याच्या उद्देशानेच दिले जातात. हाताच्या सुजेचा प्रश्न या उपचारांतूनच पुढे येतो. स्तनाचा आणि हाताचा बराचसा लिम्फ काखेतील गाठींमधून वाहतो. त्या काढल्या आणि उरलेल्या वाटेवर रेडिएशन दिले की, वाहून न गेलेले प्रथिनयुक्त पाणी कातडीखाली साचू लागते. जगभरातील अनेक अभ्यास एकत्र करून 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार काखेतील गाठी पूर्ण काढलेल्या स्त्रियांपैकी साधारण पाचात एकीला अशी सूज येते. केवळ पहिल्या एक-दोन गाठी तपासण्यासाठी काढल्या असतील, तर हे प्रमाण पुष्कळ कमी असते.

ही सूज एका दिवसात येत नाही. आधी बांगड्या मनगटाशी अडू लागतात, ब्लाउजची बाही एकाच दंडाला घट्ट होते आणि संध्याकाळी हात जड वाटतो, पण सकाळी उठल्यावर तो पूर्ववत असतो. याच टप्प्यावर उपचार सुरू झाले, तर हात पुष्कळ चांगला राहतो. दुर्लक्ष झाले तर कातडीखालचा भाग हळूहळू घट्ट होत जातो आणि मग बोटाने दाबून खळगासुद्धा पडत नाही. मला रुग्णालयातून घरी पाठवताना जो कागद दिला होता, त्यावर जखमेची काळजी, औषधे आणि पुढील तारखा होत्या. हाताबद्दल एक ओळही नव्हती. काखेची शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक स्त्रीच्या दोन्ही हातांचे घेर शस्त्रक्रियेपूर्वीच टेपने मोजून लिहून ठेवले, तर नंतर दोन सेंटिमीटरचा फरकही लगेच लक्षात येईल. या कामाला टेप आणि पाच-दहा मिनिटे एवढेच लागते.

तयार स्लीव्ह मी शहरातील एका सर्जिकल साहित्याच्या दुकानातून घेतली. तिथे केवळ मनगट आणि दंड मोजून लहान, मध्यम, मोठी यांपैकी एक निवडून दिली जाते. दाबाची श्रेणी कोणती हवी, हे दुकानदाराने विचारले नाही. वास्तविक पहिल्या श्रेणीचा दाब 15 ते 21 मिलिमीटर पारा आणि दुसऱ्या श्रेणीचा 23 ते 32 असतो, आणि कोणती वापरायची हे सुजेच्या टप्प्यावरून ठरवावे लागते. ही गोल विणलेली, शिवण नसलेली स्लीव्ह दिसायला नाजूक होती, साडीवर फारशी डोळ्यांत भरत नव्हती आणि दोन हजारांच्या आत मिळाली. सूज अगदी थोडी असेल आणि हाताचा आकार बदललेला नसेल, तर ती पुरेशी ठरू शकते. माझ्या बाबतीत मात्र तिची वरची कड दंडात रुतत असे, कोपराच्या आतल्या घडीत कापड गोळा होऊन वळ उठत, आणि शाळेतून घरी येईपर्यंत सूज सरकून पंज्यावर उतरलेली असे, कारण त्या स्लीव्हसोबत हाताचा पंजा झाकणारा भाग नव्हता. पंज्यावर आधीच थोडी सूज असेल, तर तो भाग अवश्य घ्यावा, हे मला दुकानात नव्हे तर पुढे फिजिओथेरपिस्टकडे कळले.

ही फिजिओथेरपिस्ट लिम्फच्या सुजेवरील उपचारांचे वेगळे प्रशिक्षण घेतलेली आहे. मी स्लीव्हचे माप घ्यायला गेले, तेव्हा तिने टेप बाजूला ठेवला आणि म्हणाली, “ताई, आधी सूज उतरवूया, माप नंतर घेऊ.” स्लीव्ह सूज कमी करत नाही, कमी झालेली सूज तशीच टिकवून ठेवते; म्हणून सुजलेल्या हाताचे माप घेऊन केलेली स्लीव्ह सुजेलाच साजेशी होते, हे तिने मला समजावून सांगितले. त्यानंतर काही आठवडे हलक्या हाताने केले जाणारे लिम्फ ड्रेनेज (साचलेला लिम्फ पुढे सरकवणारे मालिश), त्यावर बोटांपासून काखेपर्यंत कमी ताणाच्या पट्ट्यांचे अनेक थर आणि त्या पट्ट्या बांधलेल्या असतानाच करायचे व्यायाम असा क्रम चालला. डॅनिश दांपत्य एमिल आणि एस्ट्रिड वोडर यांनी 1930 च्या दशकात विकसित केलेली ही लिम्फ ड्रेनेजची पद्धत तेल लावून जोरात चोळण्याच्या आपल्या मालिशपेक्षा अगदी निराळी आहे : स्पर्श इतका हलका असतो की सुरुवातीला याने काय होणार, अशी शंका येते. पट्ट्या बांधलेले ते दिवस कठीण होते, आणि भाकरी थापण्यापासून केस विंचरण्यापर्यंत सर्व कामे सासूबाईंनी आणि मुलीने वाटून घेतली. पण हात उतरला, आणि मनगटापासून काखेपर्यंत ठरावीक अंतरावर घेर मोजून मग माझ्या मापाची स्लीव्ह मागवण्यात आली.

ही स्लीव्ह सपाट विणून मग शिवण घातलेली असते. कापड जाड आणि ताठर असते, शिवण दिसते, रंग आपल्या कातडीशी फारसा जुळत नाही, आणि किंमत तयार स्लीव्हच्या कितीतरी पट. हे सारे दोष मान्य करूनही सांगते की पहिल्याच आठवड्यात फरक जाणवला. कोपराशी घडी पडत नाही, वरची कड रुतत नाही, मनगटाशी दाब सर्वांत जास्त आणि वर जाताना कमी होत असल्याने पाणी वरच्या दिशेने सरकते. फळ्यावर हात उंचावून लिहिताना पूर्वी तासाच्या शेवटी जो ठणका लागे, तो जवळजवळ थांबला. पंज्याचा भाग मी मुद्दाम वेगळा करून घेतला आणि तो निर्णय स्वयंपाकघरात रोज उपयोगी पडतो : पीठ मळताना, भांडी घासताना तेवढाच भाग काढता येतो आणि दंडावरचा दाब कायम राहतो.

कोल्हापूरच्या हवामानाचा येथे वेगळा विचार करायला हवा. एप्रिल-मे महिन्यांत घामाने स्लीव्हखाली पुरळ येते. त्यावर माझा उपाय म्हणजे सकाळी लवकर, हात सर्वांत हलका असताना, कोरड्या कातडीवर ती चढवणे, दुपारी घरी आल्यावर थोडा वेळ काढून थंड पाण्याने हात धुऊन पुसणे आणि मलम मात्र रात्री, स्लीव्ह उतरवल्यावरच लावणे. चढवताना भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले, तर पकड चांगली बसते आणि नखांनी धागा निघत नाही. पावसाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, येथे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, आणि स्लीव्ह तर रोज कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन, न पिळता, सावलीत पसरून वाळवावी लागते. म्हणून दोन स्लीव्ह लागतातच, आणि खर्चाचा अंदाज करताना हे आधीच धरावे. रोज वापरल्यास साधारण सहा महिन्यांत तिचा ताण कमी होतो आणि नवी घ्यावी लागते. ही स्लीव्ह आयुष्यभराची गरज असू शकते, तरी तिचा खर्च उपचारांच्या हिशेबात फारसा कोणी धरत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

फिजिओथेरपिस्टकडे शिरोळ, कागल, करवीर अशा तालुक्यांतून येणाऱ्या बायका भेटत. त्यांना उसाच्या रानात भांगलण करायची असते, पाला काढायचा असतो, म्हशींची धार काढायची असते. उसाच्या पात्याने कातडी कापली गेली आणि त्या हातातून जंतुसंसर्ग झाला, तर हात लाल होतो, तापतो आणि अंगात थंडी भरून येते. अशा वेळी स्लीव्ह काढून ठेवावी, हात चोळू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन प्रतिजैविके सुरू करावीत, कारण अशा प्रत्येक संसर्गाने सूज आणखी वाढते. रानात जाताना पूर्ण बाहीचा जुना शर्ट आणि हातमोजे घालावेत. हात अचानक, वेदनेसह सुजला, तर स्लीव्ह घेण्यापूर्वी शिरेत रक्ताची गुठळी झालेली नाही आणि काखेत आजार परत आलेला नाही, याची खात्री कर्करोगतज्ज्ञांकडून करून घ्यावी.

आपल्याकडे या हाताने काहीच उचलायचे नाही, असे सर्रास सांगितले जाते. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत, अशी सूज असलेल्या स्त्रियांनी देखरेखीखाली हळूहळू वाढवत वजने उचलली, तेव्हा त्यांची सूज वाढली नाही, उलट सूज चिघळण्याचे प्रसंग कमी झाले. मी स्लीव्ह घालून लहान वजनांपासून व्यायाम सुरू केला आणि आता बाजारातून भाजीची पिशवी त्याच हाताने आणते.

माझ्या मापाच्या स्लीव्हला मी पाचपैकी चार गुण देते. एक गुण किमतीसाठी आणि मागवल्यापासून हातात पडेपर्यंतच्या दीर्घ प्रतीक्षेसाठी कापला आहे. तयार स्लीव्हला दोन, आणि तेही सूज अगदी सुरुवातीची असेल व माप जाणकार व्यक्तीने घेतले असेल तरच. फिजिओथेरपिस्टच्या कामाला पूर्ण पाच गुण. कोल्हापुरात ज्यांना असा उपचार हवा आहे, त्यांनी आपल्या शल्यचिकित्सकांना किंवा रेडिएशन विभागात लिम्फच्या सुजेचे प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती कोण, असे नेमके विचारावे, आणि दुकानात पैसे देण्यापूर्वी दाबाची श्रेणी व किमान पाच-सहा ठिकाणचे घेर तिच्याकडून लिहून घ्यावेत.