बाळाच्या पाठीवरची जखम: सरळ टाके, फ्लॅप की स्नायू?

पाठीच्या कण्यात फट राहून जन्मलेल्या बाळाची उघडी गाठ, म्हणजे मायलोमेनिंगोसील, ४८ ते ७२ तासांत बंद करायची असते. उशीर झाला की मेंदूज्वराचा धोका वाढतो. पालघर-कल्याणकडून परळच्या वाडिया किंवा केईएमला हलवताना बाळ पालथंच ठेवा. गाठीवर सलाईनमध्ये भिजवलेलं निर्जंतुक गॉज, त्यावर प्लास्टिक. बेटाडिन लावू देऊ नका, उघड्या मज्जातंतूंना ते अपायकारक असतं.

मज्जारज्जू आत घेऊन त्यावरचं आवरण पाणी झिरपणार नाही असं शिवणं हे न्यूरोसर्जनचं काम. निवड करायची ती वरच्या कातडीची.

बहुतेक बाळांना कडेची कातडी सुटी करून घातलेले सरळ टाके पुरतात. कातडीतली फट साधारण ५ सेंमीपेक्षा रुंद असली, तर मात्र ओढूनताणून शिवणं महागात पडतं: कडा आधी पांढऱ्या, मग काळ्या पडतात आणि टाके नेमके मज्जारज्जूवरच उसवतात.

अशा वेळी फ्लॅप, म्हणजे शेजारची कातडी रक्तपुरवठ्यासकट जखमेवर सरकवणं. त्यातला लिंबर्ग फ्लॅप शंकरपाळ्याच्या आकाराचा, ६० आणि १२० अंशांच्या कोनांत आखतात. मध्यम, गोलसर जखमेला तो उत्तम, कारण बरीचशी शिवण मज्जारज्जूपासून बाजूला जाते. टोक निळसर पडतंय का, यावर पहिले दोन-तीन दिवस नजर हवी. कीस्टोन फ्लॅपमध्ये खालून येणाऱ्या रक्तवाहिन्या शाबूत ठेवून कातडी सरकवतात. रक्त कमी जातं, म्हणून मोठ्या जखमेला आमची पहिली पसंती हीच. दोन्हीकडून सरकवल्यास शिवण मधोमध येते, एवढी उणीव.

पाठीचा लॅटिसिमस स्नायू वापरला तर आच्छादन जाड आणि भरवशाचं मिळतं. पण ३ किलोच्या बाळात रक्तच जेमतेम २५० मिली. २५ मिली गेलं तरी दहावा हिस्सा गेला. शिवाय हेच मूल पुढे कुबड्या किंवा व्हीलचेअर वापरणार असेल, तर अंग उचलायला त्याला तोच स्नायू लागेल. म्हणून तो कुबड असलेल्या, दुसऱ्या कशानेच न झाकल्या जाणाऱ्या जखमेसाठी राखावा.

नुसतं स्किन ग्राफ्ट, म्हणजे दुसरीकडून काढून लावलेली कातडी, पातळ राहतं, खुर्चीच्या पाठीला घासून व्रण होतात.

टाक्यांतून पाणी आलं की दोष फ्लॅपवर जातो. पुष्कळदा मूळ कारण मेंदूत साचणारं पाणी असतं. डोक्याचा घेर रोज मोजून लिहा. घेर झपाट्याने वाढत असेल किंवा टाळू फुगली असेल, तर आधी शंटचा, म्हणजे मेंदूतलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या नळीचा विचार, नुसते जादा टाके नव्हेत. शी जखमेपर्यंत जाऊ नये म्हणून शिवणीच्या खालच्या बाजूला प्लास्टिकची पट्टी आडवी चिकटवतात. ती सुटली की लगेच बदलून घ्या. आणि हातमोजे पहिल्या दिवसापासून लॅटेक्स (नैसर्गिक रबर) नसलेलेच मागा, या मुलांना लॅटेक्सची अ‍ॅलर्जी सहज जडते.