जुन्या गाडीचा मागचा अर्धा भाग की तयार ट्रॉली?

रावेर-यावल पट्ट्यातील केळीच्या बागांत आणि तापीकाठच्या कापसाच्या शिवारात मोठ्या ट्रॅक्टरची ट्रॉली जिथे वळत नाही, तिथे मिनी ट्रॅक्टरमागे जोडता येईल अशा लहान ट्रॉलीची गरज नेहमीच भासते. खताची पोती, ठिबकच्या नळ्या, फवारणीची टाकी, चारा आणि बागेतून बांधापर्यंत आणायचे केळीचे घड एवढाच तिचा व्याप असतो. त्यासाठी भंगारात निघालेल्या कारचा मागचा अर्धा भाग कापून ट्रॉली करावी की सरळ तयार ट्रॉली घ्यावी, आणि कारच वापरायची तर कोणती, हा निर्णय बहुतेक जण पत्र्याच्या अवस्थेवरून घेतात. वास्तविक तो मागचा एक्सल, त्यावरचे स्प्रिंग आणि चाकांच्या तुलनेत माल कुठे बसणार, हे पाहून घ्यायला हवा.

खान्देशातील भंगारात सहज मिळणाऱ्या गाड्यांपैकी अ‍ॅम्बेसेडरचा मोह सर्वांत जास्त होतो. तिचा मागचा एक्सल दणकट आहे, त्यावर कमानपाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांचे स्प्रिंग) आहेत आणि 15 इंची चाके असल्यामुळे काळ्या जमिनीत ती लहान चाकांपेक्षा उशिरा रुतते. मात्र तिची डिकी चाकांच्या मागे येते, आणि खरी अडचण तिथेच आहे. दोन चाकांच्या ट्रॉलीत एकूण वजनाच्या साधारण 10 ते 15 टक्के भार हुकावर यावा लागतो. म्हणजे मालासह 500 किलोच्या ट्रॉलीत 50 ते 75 किलो. डिकीत पोती रचली की हा भार घटतो, दांडी वर उचलली जाते आणि उतारावर ट्रॉली मागे झुलू लागते. त्यातही डिकीचा काठ उंच असल्यामुळे पन्नास किलोचे पोते आधी काठावरून वर चढवायचे आणि मग आत वाकून ठेवायचे, हा खटाटोप हंगामात कोणालाही नकोसा होतो. डिकीचे झाकण व मागचा पत्रा पूर्ण कापून सपाट हौदा बसवला तर हा दोष जातो. पण मग गाडीचा एक्सल तेवढा उरतो आणि बाकीचे सगळे नवीनच करावे लागते. उत्तरपाड्याच्या कारखान्यातील तिचे उत्पादन 2014 मध्ये थांबले, त्यामुळे धडधाकट अ‍ॅम्बेसेडर हाती आलीच असेल तर ती न कापता शौकिनाला विकणेच शहाणपणाचे, असे मला वाटते.

मारुती 800 चे गणित उलट आहे. तिचे इंजिन पुढची चाके फिरवते, त्यामुळे मागच्या एक्सलमध्ये डिफरन्शियल (इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणारी दातेरी चक्रांची पेटी) नाही, तेल नाही आणि निगा राखण्यासारखे हबच्या बेअरिंगपलीकडे फारसे काही नाही. मागचा भाग इतका हलका असतो की रिकामी ट्रॉली हाताने वळवता येते. परंतु ते कॉइल स्प्रिंग मागच्या सीटवरची तीन माणसे आणि थोडे सामान यांच्या हिशेबाने बनवलेले आहेत. अदमासे अडीचशे किलोच्या पुढे भार गेला की गाडी बसते. चारा, नळ्या, रिकामे क्रेट यांसाठी ती पुरेशी आहे, खतासाठी नाही.

तिसरी गाडी म्हणजे मारुतीचीच ओम्नी व्हॅन, आणि या तिघींत माझे मत तिच्याकडे झुकते. तिलाही मागे कमानपाटेच आहेत, आतली जमीन सपाट आहे, मागचा दरवाजा वर उघडतो आणि मालाचा मोठा भाग आपोआप एक्सलच्या पुढे ठेवता येतो, म्हणून हुकावरचा भार सांभाळणे सोपे जाते. ती 1984 पासून 2019 पर्यंत बनत राहिल्यामुळे चोपड्यापासून शहाद्यापर्यंत कोणत्याही गॅरेजात तिचे सुटे भाग मिळतात. तिच्या मागच्या एक्सलमध्ये मात्र डिफरन्शियल आहे. इंजिनाकडून येणारा पुढचा लांब शाफ्ट काढून टाकता येतो; आतले शाफ्ट काढता येत नाहीत, कारण चाके त्यांच्याच आधाराने बसलेली असतात. ट्रॉली ओढताना आतील दाते फिरतच राहतात, तेव्हा तेलाची पातळी अधूनमधून तपासावीच लागते. बारा इंची चाके पावसाळ्यात काळ्या मातीत रुततात, हा तिचा उणेपणा उरतोच.

गाडी कोणतीही असो, या तिन्ही गाड्यांना जीपसारखी स्वतंत्र चौकट नाही. पत्र्याचा सांगाडाच सारा भार पेलतो आणि तो कापला की त्याचा ताठपणा जातो. म्हणून काप स्प्रिंगच्या पुढच्या आधाराच्याही पुढे घ्यावा, आणि ओढण्याची दांडी नुसत्या पत्र्याला न जोडता लोखंडी चॅनेलच्या चौकटीतून त्या आधारांपर्यंत मागे न्यावी. पेट्रोलची टाकी कटर लावण्यापूर्वीच उतरवून लांब ठेवावी. रिकाम्या टाकीतील वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते, आणि वेल्डिंगच्या दुकानात हे ठाऊक असूनही घाईत त्याकडे दुर्लक्ष होते. हातब्रेकची केबल नवीन लिव्हरला जोडून घेतली तर उतारावर ट्रॉली उभी करता येते. चालताना मात्र सगळा भार ट्रॅक्टरच्याच ब्रेकवर येतो. युरोपात स्वतःचे ब्रेक नसलेल्या ट्रेलरला मालासह 750 किलोची मर्यादा घातलेली आहे. शेतातही तो आकडा ओलांडू नये.

रस्त्याचा प्रश्न निघाला की तुलनेचे पारडे फिरते. मोटार वाहन कायदा 1988 नुसार ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे आणि त्याला नोंदणी लागते. कारचे नोंदणीपुस्तक तिच्या अर्ध्या भागाला लागू होत नाही. उलट गाडी कायमची निकामी झाल्याचे कलम 55 प्रमाणे 14 दिवसांच्या आत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी कार्यालयाला कळवावे लागते. नोंदणी नसली तर विमाही मिळत नाही, आणि अंकलेश्वर-बऱ्हाणपूर मार्गावर चोपडा, यावल, रावेर या गावांतून केळीच्या ट्रकांची जी वर्दळ असते, तिच्यात अशा ट्रॉलीमुळे अपघात झाला तर भरपाई मालकाच्या खिशातून जाते.

त्यामुळे बाजार समितीत माल न्यायचा असेल, शेत महामार्गापलीकडे असेल किंवा भाड्याने वाहतूक करायची असेल, तर स्थानिक कारखानदाराकडून कागदपत्रांसह तयार ट्रॉली घ्यावी, मग ती जुनी असली तरी चालेल. जुनी घेताना फाळक्याच्या बिजागऱ्यांपेक्षा दांडीचे जोड, हुकाचे भोक लांबट झाले आहे का आणि चाक हलवल्यावर बेअरिंगमध्ये खेळ जाणवतो का, हे आधी पाहावे. ट्रॉली बांधाबाहेर कधीच जाणार नसेल, ओम्नी घरचीच भंगारात निघालेली असेल आणि वेल्डिंग करणारा विश्वासातला असेल, तर अर्धी गाडी परवडते. भंगाराच्या दुकानातून खास या कामासाठी पूर्ण गाडी विकत आणायची असेल, तर चॅनेल, टायर आणि मजुरी धरून खर्च तयार जुन्या ट्रॉलीच्या जवळपास पोहोचतो की नाही, एवढा हिशेब कटर लावण्यापूर्वी कागदावर मांडून पाहावा.