न बदललेल्या मोटरचे बिल

जलतरण तलावाच्या तळावरून आपोआप फिरून गाळ आणि पाने गोळा करणारे यंत्र जुने झाले की बहुधा एकाएकी बंद पडत नाही. आधी ते कुरकुरू लागते. आमचा रोबोटिक क्लीनर सात वर्षे विनातक्रार चालल्यानंतर असाच कुरकुरू लागला. पाण्यात सोडला की काही वेळ तो नीट फिरत असे, मग खोल बाजूला वळण घेताना जागीच थांबत असे, आणि पाण्यावर तरंगणारी केबल थोडी ओढली की पुन्हा चालू होत असे. ही खूण मी मुद्दाम आधी नोंदवत आहे, कारण खरा बिघाड कोठे आहे हे तिच्यातूनच कळण्यासारखे होते आणि ज्याच्याकडे यंत्र दुरुस्तीला दिले त्या कारागिराला ती पहिल्या भेटीतच स्पष्ट शब्दांत सांगितली होती.

त्याने यंत्र तपासण्यासाठी आपल्या कार्यशाळेत नेले आणि नंतर फोनवरून निदान कळवले: मोटरमध्ये पाणी शिरले आहे, मॉडेल जुने झाले आहे, तेव्हा दुरुस्तीवर पैसे घालण्यापेक्षा नवे यंत्र घ्यावे. जुने यंत्र तो भंगाराच्या भावाने परत घेणार होता आणि तेवढी रक्कम नव्या यंत्राच्या किमतीतून वजा करणार होता. आम्ही नवे यंत्र घेण्यास नकार दिल्यावर त्याने फारशी घासाघीस न करता मोटर बदलून देण्याचे मान्य केले. ज्या मॉडेलचे सुटे भाग मिळत नाहीत असे आदल्या दिवशी सांगितले होते, त्याच मॉडेलची मोटर दुसऱ्या दिवशी उपलब्ध झाली.

मोटरचेच निमित्त का पुढे केले जाते, हे समजून घेण्यासारखे आहे. अशा यंत्रात चाके किंवा पट्टे फिरवणारी आणि पाणी खेचणारा पंखा फिरवणारी मोटर सहसा एकाच जलरोधक डबीत बंद असते. डबीतून बाहेर येणाऱ्या दांड्याभोवती सील असते. ते झिजले की पाणी आत शिरते, मोटर जास्त विद्युतप्रवाह ओढू लागते आणि पाण्याबाहेरचा पॉवर सप्लाय, म्हणजे घरगुती वीज कमी दाबाची करून यंत्राला देणारी पेटी, स्वसंरक्षणासाठी पुरवठा तोडतो. हा बिघाड खरोखर होतो आणि जुन्या यंत्रात बऱ्याचदा होतो, म्हणून तो ऐकणाऱ्याला पटतो. त्यातच मोटरची डबी हा यंत्रातील सर्वांत महाग भाग, आणि ती उघडून आत पाहण्याची सोय मालकाला नसते. मात्र पाणी शिरलेली मोटर केबल ओढल्याने पुन्हा सुरळीत चालू लागत नाही. केबल हलवल्यावर यंत्र चालू किंवा बंद होत असेल, तर पहिला संशय केबलवर किंवा तिच्या टोकाच्या जोडणीवर घ्यावा लागतो. यंत्र सतत गिरक्या घेत राहिल्याने केबलला पीळ पडतो आणि वरचे आवरण धड दिसत असतानाही आतली तांब्याची तार तुटू शकते.

यंत्र परत देताना त्याने एका प्लास्टिकच्या पिशवीतून काढलेली मोटर दाखवून ती आमचीच असल्याचे सांगितले. तिच्या टोकांवर तांब्याचा हिरवा गंज चढला होता आणि डबीच्या तोंडाशी पांढरा क्षार साचला होता. ती हातात घेऊन पाहिल्यावर तिच्या जोडणीत दोनच तारांची जागा दिसली. आमच्या केबलमध्ये तीन तारा आहेत. हा फरक विचारल्यावर तिसरी तार “अर्थिंगची” असून ती वेगळी जोडतात, असे उत्तर मिळाले. असे यंत्र पाण्याबाहेरच्या पॉवर सप्लायकडून येणाऱ्या कमी दाबाच्या एकदिश विजेवर चालते आणि आमच्या मॉडेलमध्ये तिसरी तार संदेशवहनासाठी आहे, हे माहितीपुस्तिकेत छापलेले आहे. जुनी मोटर आमच्याकडे ठेवण्याची मागणी त्याने नाकारली. ती कंपनीला परत पाठवावी लागते, असे कारण दिले. बिलात “नवी मोटर” एवढेच लिहिले होते, अनुक्रमांक नव्हता.

यंत्र चालू झाले, पण त्यानंतर तलावाच्या दूरच्या कोपऱ्यात गाळाचा एक पट्टा तसाच राहू लागला. यंत्र तेथवर जाई आणि केबल ताणली गेल्याने मागे फिरे. पूर्वी असे कधीच होत नव्हते. केबल जमिनीवर सरळ पसरून मोजली, तेव्हा कागदपत्रांत 18 मीटर असलेली केबल 15 मीटरही भरली नाही.

या फसवणुकीतील मला सर्वांत संतापजनक वाटणारी बाब पैशाची नाही. केबल तोकडी पडली की साहजिकच कोणीतरी पॉवर सप्लाय पाण्याच्या जवळ सरकवतो. तो पेटीसारखा भाग घरगुती विजेला जोडलेला असतो, आणि म्हणूनच तो काठापासून किमान तीन मीटर किंवा त्याहून अधिक दूर ठेवावा व विजेची गळती 30 मिलिअँपिअर होताच पुरवठा तोडणारे संरक्षक उपकरण त्याच्या मागे असावे, अशी सूचना माहितीपुस्तिकांत ठळकपणे दिलेली असते. ज्या तलावात मुले पोहतात त्याच्या सफाई यंत्राची केबल मालकाला न सांगता तोडून आखूड करणे, ही माझ्या मते निव्वळ लबाडी नाही, तो जिवाशी खेळ आहे.

थोड्याच काळात यंत्र पूर्वीप्रमाणेच थांबू लागले. या वेळी दुसऱ्या तंत्रज्ञाला बोलावून सर्व तपासणी आमच्यासमोर करण्याची अट घातली आणि त्याने ती आनंदाने मान्य केली. त्याने पॉवर सप्लायमधून येणाऱ्या विजेचा दाब मोजला. तो योग्य होता. मग केबल सोडवून तिच्या दोन्ही टोकांना मल्टीमीटर लावला आणि ती हातभर अंतराने वाकवत नेली. यंत्राच्या कवचाजवळ येताच मीटरवरचा आकडा उसळू लागला. कवच उघडल्यावर आत केबलचा एक सांधा निघाला, उष्णतेने आवळणाऱ्या नळीत गुंडाळलेला. नळी कापली तेव्हा तारा हिरव्या पडल्या होत्या आणि पाणी तारेच्या बारीक धाग्यांमधून आवरणाच्या आत बोटभर पुढे सरकले होते. सतत पाण्याखाली राहणाऱ्या केबलला असा सांधा फार दिवस टिकत नाही. शेवटी त्याने दुसरी केबल जोडून मोटर काही सेकंद चालवून पाहिली. पाण्याबाहेर ती त्याहून अधिक वेळ चालवू नये, कारण कोरड्या फिरण्याने सील जळते. मोटर उत्तम स्थितीत होती.

मग मोटरच्या डबीवरचा अनुक्रमांक पाहिला. वॉरंटीच्या काळात एकदा पट्टा बदलला होता, तेव्हाच्या सेवा-नोंदीत यंत्राचा आणि मोटरचा असे दोन्ही क्रमांक छायाचित्रासह होते. क्रमांक तोच होता. म्हणजे ज्या मोटरचे पूर्ण पैसे घेतले ती कधी बदललीच नव्हती. तुटलेल्या तारेचा तुकडा कापून उरलेली केबल जोडली होती आणि आम्हाला दाखवलेली गंजकी मोटर दुसऱ्याच कोणाच्या यंत्रातली होती.

जाब विचारल्यावर पहिल्यांदा सांगण्यात आले की जुन्या मोटरवरचे लेबल काढून नव्या मोटरला लावले आहे. क्रमांक लेबलवर नसून डबीच्या प्लास्टिकवरच कोरलेला आहे, हे दाखवल्यावर चूक कामावरच्या मुलाची ठरली. नवी मोटर कोठून खरेदी केली याची पावती मागितली, ती आजवर मिळालेली नाही. क्रमांकाची छायाचित्रे, बिलाची प्रत आणि दुसऱ्या तंत्रज्ञाचा लेखी अहवाल जोडून रीतसर तक्रार पाठवल्यानंतर मोटरच्या रकमेचा काही भाग परत आला. “तपासणी शुल्क” आणि “मजुरी” या नावाखाली उरलेला त्याने ठेवून घेतला, आणि त्याबाबतची तक्रार चालू आहे.

ही युक्ती रोबोटिक यंत्रापुरतीच आहे असे समजू नये. पंपाच्या खेचीवर चालणाऱ्या साध्या यंत्रात आतला लवचीक पडदा फाटला, नळीच्या सांध्यातून हवा शिरू लागली किंवा पाण्यावर तरंगणारा कचरा ओढून घेणाऱ्या स्किमरची जाळी तुंबली, तरी यंत्र मंदावते, आणि अशा वेळी अख्खे यंत्रच निकामी ठरवले जाते. फिल्टरवरील दाबमापकाचा काटा स्वच्छ फिल्टरच्या आकड्यापेक्षा 8 ते 10 पीएसआयने (दाबाचे एकक) वर गेला असेल, तर आधी फिल्टर धुवावा. यंत्राला दोष देणे नंतरचे. दाबाच्या पाण्यावर चालणाऱ्या यंत्रात पाण्याचा दाब वाढवणारा बूस्टर पंप गेला असे सांगितले जाते, पण नळीतील छोटी गाळणी कचऱ्याने भरली आहे का, हे पाहणे मिनिटभराचे काम असते. अशा काही प्रचलित यंत्रांची चाके मिनिटाला 28 ते 32 फेरे घेतात. चाकावर खडूची खूण करून फेरे मोजले की पाण्याचा जोर पुरेसा आहे की नाही ते कोणालाही कळते.

नवे यंत्र घेणे कधीच योग्य नसते, असे मला म्हणायचे नाही. मोटरमध्ये खरोखर पाणी शिरले असेल, पट्टे आणि ब्रश झिजलेले असतील आणि या सर्वांचा खर्च नव्या यंत्राच्या निम्म्या किमतीपुढे जात असेल, तर जुन्याचा मोह सोडावा. मात्र ते ठरवण्यापूर्वी केबल, पॉवर सप्लाय आणि मोटर यांची वेगवेगळी चाचणी आपल्या डोळ्यांसमोर व्हायला हवी आणि निदान लेखी मिळायला हवे. यंत्र कार्यशाळेत पाठवणे भाग असेल, तर मोटरवरचा क्रमांक, कवचाचे स्क्रू आणि केबलची लांबी यांची छायाचित्रे देण्यापूर्वी कारागिरासमोरच घ्यावीत. बदललेला भाग परत देण्याची अट काम सुरू होण्याआधी कागदावर यावी आणि बिलात जुन्या व नव्या भागाचे क्रमांक असावेत.

आमच्यासारखीच गंजलेली मोटर पिशवीतून काढून दाखवून ज्यांच्याकडून अलीकडे नव्या मोटरचे पैसे घेतले गेले असतील, त्यांनी वीजपुरवठा पूर्ण तोडून आजच यंत्राच्या डबीवरचा क्रमांक जुन्या वॉरंटी कागदांशी ताडून पाहावा आणि केबल मोजावी. कवचाच्या आत सांधा आढळला तर यंत्र पुन्हा पाण्यात सोडू नये, आणि सांध्याचे छायाचित्र घेतल्याशिवाय तो कोणालाही काढू देऊ नये.