लिंक तीच, बिल बदललेलं: क्लाउड जोडून देण्याच्या नावाखाली घातलेला गंडा

हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बिल तयार झालं की त्याची पीडीएफ आपोआप क्लाउडवर जावी, एवढीच आमची गरज होती. ती भागवून देतो म्हणणाऱ्यांनी आमच्या गिऱ्हाइकांचे पैसे हातोहात भलत्याच खात्यात वळवले. छोटा धंदा चालवणाऱ्या कुणावरही ही वेळ येऊ शकते, म्हणून घडलं ते सविस्तर लिहिते आहे.

डेस्कटॉपवरच्या हिशेबाचं डेटा फोल्डर पुष्कळ जण थेट सिंक होणाऱ्या फोल्डरात ठेवतात. दोघांनी एकाच वेळी फाइल उघडली की ड्रॉपबॉक्ससारखी सेवा दुसरी प्रत बनवते, आणि काही नोंदी या प्रतीत तर काही त्या प्रतीत राहतात. तो ताप नको म्हणून आम्ही ऑनलाइन सॉफ्टवेअर घेतलं. बिलं गूगल ड्राइव्हवर जमा व्हावीत आणि तिथलीच लिंक गिऱ्हाइकाला जावी, अशी जोडणी हवी होती.

तेवढ्यात एका जोडणी कंपनीचा माणूस फोनवर आला. आपण सॉफ्टवेअर कंपनीचे अधिकृत भागीदार आहोत, असं त्याने सांगितलं. बोलणं अदबीचं, माहिती पक्की. आमच्या सॉफ्टवेअरची कोणती योजना आहे आणि बिलाचा नमुना कसा दिसतो, हेही त्याला ठाऊक होतं. नमुना कळायला काय लागतं? आमचं एखादं बिल कुठूनतरी हाताला लागलं की झालं. तेव्हा मात्र तीच त्याच्या खरेपणाची खूण वाटली.

बिलांचं काम बघणाऱ्या ताईंनी त्याच्यासमोर स्क्रीन उघडली. गूगलचं खरंखुरं लॉगिन, खरा पत्ता, फोनवर आलेला कोड, सगळं रीतसर. मग एक इशारा आला: या अ‍ॅपची गूगलने पडताळणी केलेली नाही. ताई थांबल्या. त्यांनी विचारलंसुद्धा, "अहो, हे असुरक्षित म्हणतंय." तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, नवी आवृत्ती आहे, पडताळणी सुरू आहे. खाली 'अ‍ॅडव्हान्स्ड' दिसतंय ना, ते दाबा आणि पुढे जा." त्यानंतरच्या पानावर परवानगी होती: ड्राइव्हवरच्या सर्व फाइली पाहणे, बदलणे, नव्या बनवणे आणि काढून टाकणे. "सगळीच अ‍ॅप्स हे मागतात," तो म्हणाला.

हे धादांत खोटं आहे, आणि माझा सगळा राग इथेच आहे. बिलाची पीडीएफ ड्राइव्हवर टाकायला सर्व फाइलींची परवानगी लागतच नाही. गूगल ड्राइव्हमध्ये वेगळी, मर्यादित परवानगी आहे: अ‍ॅपने स्वतः बनवलेल्या किंवा तुम्ही त्याच्या हाती दिलेल्या फाइलींपुरतीच. ड्रॉपबॉक्समध्येही अ‍ॅपला फक्त त्याचं स्वतःचं फोल्डर देता येतं किंवा अख्खं ड्रॉपबॉक्स देता येतं. प्रामाणिक काम करणारा कमीत कमी मागतो. हिशेबाच्या बाजूलाही तेच बघायला हवं. झीरो (Xero) या हिशेबाच्या ऑनलाइन सॉफ्टवेअरमध्ये फक्त वाचण्याची वेगळी परवानगी आहे. क्विकबुक्स ऑनलाइन या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हिशेबाची परवानगी एकच आणि सरसकट आहे, त्यामुळे तिथे कुणाला आत घ्यायचं याचा विचार दुप्पट करावा लागतो. आणि पडताळणी न झालेल्या अ‍ॅपला गूगल १०० जणांच्या पुढे जाऊ देत नाही हे खरं, पण भामट्याला शंभर सावजं काही कमी नाहीत.

सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं. बिलं वेळेवर ड्राइव्हवर, लिंक गिऱ्हाइकाकडे, पैसे खात्यात. मग काही मोठी बिलं थकली. छोटी येत होती, मोठीच अडकत होती, आणि तीही जुन्या, खात्रीच्या लोकांची. मंदी असेल असं वाटून आम्ही सौम्य शब्दांत आठवण पाठवली, तर एका जुन्या गिऱ्हाइकबाईंचा संतापून फोन आला. "अहो, पैसे केव्हाच भरलेत आम्ही! वर परत तगादा लावता?" त्यांनी बँकेची पावती पाठवली. रक्कम बरोबर, बिलाचा क्रमांक बरोबर, खातं आमचं नाही.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून तेच बिल नव्याने काढलं आणि ड्राइव्हच्या लिंकवरचं त्याच्या शेजारी उघडलं. लोगो, तारीख, मालाचं वर्णन, बेरीज, सगळं हुबेहूब. तळाच्या चौकटीत खातेदाराचं नाव आमचंच, पण खाते क्रमांक वेगळा. नीट पाहिलं तेव्हा त्या एका ओळीतले आकडे बाकी अक्षरांपेक्षा किंचित बारीक होते. गिऱ्हाइकाने ते ओळखावं अशी अपेक्षाच कुणी करू नये.

ड्राइव्हवरची फाइल न हलवता तिच्या जागी नवी आवृत्ती चढवता येते, आणि लिंक तीच राहते. आम्ही अस्सल बिलाची लिंक पाठवत होतो. थोड्या वेळाने त्याच लिंकमागची पीडीएफ बदलली जात होती. ज्या गिऱ्हाइकाने लगेच बिल उघडलं, त्याला खरं दिसलं. ज्याने दुसऱ्या दिवशी उघडलं, त्याला खोटं.

फाइलच्या आवृत्त्यांची यादी उघडल्यावर सगळ्यात वाईट गोष्ट समोर आली. खोटी पीडीएफ ताईंच्या नावाने चढलेली होती. परवानगी घेतलेलं अ‍ॅप तुमच्या वतीने काम करतं, म्हणून नोंदीत तुमचंच नाव उमटतं. माझ्या भागीदाराने त्यांना केबिनमध्ये बोलावून जाब विचारला. इतकी वर्षं आमचा पै-पैचा हिशेब चोख ठेवलेली बाई, तिला रडू आवरेना. त्या वेळी संगणक बंद होता, हे दाखवता आलं म्हणून बरं. चोरीपेक्षा हा घाव मला जास्त लागला. तुमच्याकडे असं काही झालं, तर आवृत्तीवरच्या नावावरून माणसावर आळ घेऊ नका. आधी कोणती अ‍ॅप्स जोडलेली आहेत ते बघा.

आम्ही लगेच पासवर्ड बदलला आणि निर्धास्त झालो. त्यानंतरही एक बिल बदललं गेलं. कारण एकदा संमती दिली की अ‍ॅपला टोकन, म्हणजे आत येण्याची डिजिटल किल्ली, मिळते आणि पुढे त्याला पासवर्डची गरजच उरत नाही. फक्त ड्राइव्हचं टोकन गूगलचा पासवर्ड बदलल्याने रद्द होत नाही. फोनवर येणारा कोडही इथे कामाचा नाही, कारण संमती लॉगिन झाल्यानंतर दिलेली असते. ३ मे २०१७ रोजी 'गूगल डॉक्स' असं नाव लावलेलं बनावट अ‍ॅप ईमेलमधून पसरलं, तेही याच वाटेने. त्याने पासवर्ड चोरलाच नव्हता, परवानगी मागितली होती. खात्याच्या सेटिंगमध्ये त्रयस्थ अ‍ॅप्सची यादी असते. तिथून त्या अ‍ॅपची परवानगी काढली, हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली जोडणीही तोडली, तेव्हा कुठे हे थांबलं. अ‍ॅप फोनवरून किंवा संगणकावरून नुसतं काढून टाकलं तर परवानगी तशीच राहते.

पैशांचं म्हणाल, तर गिऱ्हाइकांच्या बँकांना त्याच दिवशी कळवल्यामुळे ताज्या भरण्यातली काही रक्कम रोखता आली. जुनी गेली ती गेली. जोडणी कंपनीचा फोन बंद आहे, संकेतस्थळ गायब आहे, आणि ज्या सॉफ्टवेअर कंपनीचं नाव तो सांगत होता तिने असा कोणी भागीदार नसल्याचं लेखी कळवलं आहे. ही चौकशी पाच मिनिटांची असते: भागीदारांची यादी सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या पानावर बघायची, फोन करणाऱ्याने पाठवलेल्या लिंकवर नाही. आता आम्ही बिल ईमेलला जोडून पाठवतो, ड्राइव्हवर फक्त आमची प्रत असते. खाते क्रमांक बदलल्याचं कुठेही दिसलं तर आमच्या जुन्या फोन नंबरवर विचारल्याशिवाय पैसे भरू नका, असं प्रत्येक गिऱ्हाइकाला कळवलं आहे.

तुमची मोठी बिलं अशीच विनाकारण थकली असतील, तर आजच दोन्ही पीडीएफ शेजारी ठेवून बघा. फरक सापडला तर फाइल काढून टाकण्याआधी तिच्या सगळ्या आवृत्त्या उतरवून घ्या. ड्राइव्ह पीडीएफच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवसांनी किंवा १०० नव्या आवृत्त्यांनंतर पुसू शकतं, आणि कायम ठेवण्याची खूण प्रत्येक आवृत्तीवर वेगळी करावी लागते. आमच्या पहिल्या काही बिलांचा पुरावा असाच गेला, आणि तक्रारीत ती बिलं दाखवताच आली नाहीत.